डावा खांदा

"बाळ किती महिन्यांचंय, ताई?" पिंपरी कॅम्पातल्या दुकानदाराने एका झटक्यात बाबागाडी उघडत विचारले. गाडी निळी होती, कापडावर सशांची चित्रे होती.

"चौदा वर्षांचं," विजयश्री म्हणाली.

तो हसला. ती हसत नाही हे पाहून त्याने हसू गिळले आणि गाडी मिटली. "मग तुम्हाला व्हीलचेअर लागेल. दवाखान्यासमोर मिळतात बघा, सर्जिकलवाल्यांकडे."

"व्हीलचेअर बघून झाली. त्यातून ती घसरते."

"अच्छा," तो म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्या पोटुशीला सशांची गाडी दाखवू लागला.

व्हीलचेअर खरोखरच बघून झाली होती. आठवडाभरासाठी भाड्याने आणली होती. धाकट्या बहिणीला, भाग्यश्रीला, तिच्यात बसवले तशी ती ओल्या गोधडीसारखी खाली खाली सरकू लागली. खुर्ची पोचवायला आलेला माणूस म्हणाला होता, "छातीवरनं पट्टा आवळा, काही होत नाही." "चोर आहे का ती, बांधून ठेवायला?" असे म्हणून विजयश्रीने त्याच पावली खुर्ची परत पाठवली होती.

आई होती तोवर असले काही शोधायची वेळ आली नव्हती. भाग्यश्री जन्मापासून ना चालली ना बोलली, पण घरात मात्र कधी बसली नाही. चतुराबाई तिला रोज संध्याकाळी डाव्या कडेवर घ्यायच्या आणि थेरगावच्या घरातून डांगे चौकाच्या भाजीबाजारात जायच्या. पोर वाढली, तिचे पाय आईच्या पोटऱ्यांपर्यंत लोंबू लागले, तरी जायच्या. कुणी हळहळले की म्हणायच्या, "माझी कंबर मोडली तर मी सांगंन. तुमची का दुखायली?" कोथिंबीरवाली सरूबाई भागीच्या नाकाशी एक काडी धरायची. भागी "हां" म्हणायची. तिला तेवढा एकच शब्द येत होता, आणि तो ती बाजारासाठी राखून ठेवायची.

आषाढात चतुराबाईंनी ताप अंगावर काढला आणि तापाने त्यांनाच नेले. तेव्हापासून भागी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. दिवे लागायची वेळ झाली की ती दाराकडे तोंड करून रडायची. विजयश्रीने एकदा तिला उचलून पाहिले. सोसायटीच्या गेटपर्यंत पोचली, आणि हातांनी दगा दिला. वॉचमनने आपली खुर्ची दिली म्हणून बरे, नाहीतर दोघी बहिणी रस्त्यावर बसल्या असत्या.

त्यावरून मावशीने विषय काढला. "संस्थेत चांगलं बघतात गं. तूही मोकळी होशील." अण्णा, म्हणजे तिचे वडील उद्धवराव, चाकणच्या एका कंपनीची स्टाफबस चालवायचे. बायको गेल्यापासून त्यांचे बोलणे आटले होते. ते एवढेच म्हणाले, "दिवाळी होऊ दे. मग बघू, मावशी म्हनती तसं."

"दिवाळीच्या आत ही बाजारात जाईल," विजयश्री म्हणाली. "मग मावशीला बोलवा, फराळाला."

गाडी शेवटी पिंपळे सौदागरला मिळाली. भागीच्या व्यायामाच्या मॅडमनी एक नंबर दिला होता. मिनल नावाच्या बाईंनी बाल्कनीतून एक मोठी, करडी गाडी ओढत आणली. रुंद बैठक, पाय ठेवायला फळी, जाड चाके. दिसायला बाबागाडीच, पण मोठ्या मुलांसाठी केलेली.

"माझा सनी बसायचा. आता मिशा फुटल्यात त्याला, मावत नाही," मिनल म्हणाल्या. आतून कुणीतरी मोठ्याने हुंकारले. "ऐकतोय बघा. मिशांचं काढलं की चिडतो! घेऊन जा तुम्ही. डावा ब्रेक जरा रुसतो, त्याला लाथ घालायची."

घरी आणून भागीला बसवले. ती घसरली नाही. विजयश्रीला वाटले, जिंकलो. तेवढ्यात भागी किंचाळली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गाडीला दोन गाद्या होत्या, मान मधोमध राहावी म्हणून. भागीचे डोके डावीकडे जायला बघत होते आणि गादी ते परत ढकलत होती. विजयश्रीने डावी गादी काढली. डोके डावीकडे कलले, कलतच गेले आणि हवेत लोंबू लागले. भागीने बहिणीकडे असे पाहिले, जणू तिथे काहीतरी होते आणि ते विजयश्रीनेच लपवले होते.

तिथे काय होते, हे विजयश्रीला कुणी सांगायला नको होते.

तिने कपाट उघडले. आईच्या साड्या मावशीने वाटून टाकल्या होत्या. पण खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मापाचा ब्लाउज राहिला होता. शिंपी विचारायचा, "मापाचा आणलाय का?" आणि आई दरवेळी हाच न्यायची. मरून रंगाचा, अंगावर नेमका बसणारा. त्याचा उजवा खांदा अजून मरून होता. डावा विटून गुलाबी पडला होता. आईच्या सगळ्याच ब्लाउजांचे डावे खांदे तसे विटायचे. भागीची लाळ, आणि मग आईचे ते रोजचे धुणे.

विजयश्री चाकणला मोटारींच्या सीट करणाऱ्या कारखान्यात शिलाईच्या लाइनवर होती. दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझर शेखरकडे टाकाऊ फोम मागितला.

"उशी करताय का मॅडम?" शेखर म्हणाला.

"खांदा करतेय."

शेखरने एकदा तिच्याकडे पाहिले आणि जरा चांगल्यातला तुकडा काढून दिला.

त्या रविवारी ती जमिनीवर बसून फोम कापत होती आणि ब्लाउजाच्या डाव्या बाजूत भरत होती. कमी पडला की भर, जास्त झाला की कातर. हळूहळू कापड आतून उचलले गेले. गळ्याजवळ जरा उंच, बाहीकडे उतरता. अण्णा जेवून हात पुसत आले आणि दारातच थांबले.

"तिचा ब्लाउज कापायलीस?"

"कापत नाहीये. भरतेय."

ते खाली बसले. बराच वेळ त्या भरल्या खांद्याकडे बघत राहिले. मग नजर काढून गाडीकडे वळले. "विजे, एवढी थोराड पोर बाबागाडीत घालून बाजारात नेणार तू? लोक हसतेत."

"आई न्यायची तेव्हा नाही हसायचे?"

"तवा कडंवर होती. कडंवरचं लेकरू लेकरूच दिसतंय."

"कंबर होती तोवर कडेवर होती, अण्णा. आता चाकं आहेत. हसू द्या. हसून दमतील, मग भाव विचारतील गाडीचा."

अण्णा उठून गेले. विजयश्रीने खांदा गाडीला शिवून टाकला, कारखान्यातल्यासारखी दुहेरी शिवण घालून.

संध्याकाळी तिने भागीला बसवले, लिफ्टने खाली आणले. लिफ्टचे दार उघडले तर समोर सोसायटीचे चेअरमन दिग्विजय, हातात दुधाची पिशवी.

"अहो, हे काय? लिफ्टमधून गाडी? नोटीस लावलीय ना आपण, सायकली-गाड्या लिफ्टमध्ये आणायच्या नाहीत म्हणून. टाइल्स खराब होतात."

"गाडी आहे ही?"

"मग काय आहे? चाकं दिसतायत की. पार्किंगमध्ये ठेवत जा. बाकी सगळे ठेवतातच."

"बरं," विजयश्री म्हणाली. "ठेवते. स्टिकर द्या."

"कसला स्टिकर?"

"पार्किंगचा. गाडी म्हणालात ना? मग जागा आखून द्या, लिफ्टला लागून. आणि हिला वरून पार्किंगपर्यंत रोज तुम्ही उचलून आणा. नोटिशीत तेही लिहा."

"ताई, तुम्ही पर्सनल घेताय. मी रूल सांगतोय."

"मीपण रूलच विचारतेय."

गेटवरचा वॉचमन खाकरला. दोन बायका चालणे सोडून थांबल्या. दिग्विजयनी भागीकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. मग नजर विटक्या गुलाबी खांद्यावर गेली, आणि ते नक्की काय आहे हे न कळून तिथेच अडली.

"सरका जरा, सायेब."

अण्णा जिन्याने उतरत होते. अंगात कंपनीचा खाकी शर्ट, तोही इस्त्रीचा, सुटीच्या दिवशी. ते गाडीजवळ आले. वाकून डावा ब्रेक दाबून पाहिला. तो रुसला, तशी त्यांनी त्याला हलकी लाथ घातली. चाके हलवून पाहिली. खिशातून एक लिंबू काढले आणि पुढच्या चाकाखाली ठेवले. बस नवी असो की जुनी, गॅरेजातून बाहेर काढताना ते असेच लिंबू ठेवत आले होते.

"द्या स्टिकर," ते उठत म्हणाले. "पासिंग झालंय गाडीचं."

वॉचमन हसला, बायका हसल्या. दिग्विजय "बघू, मीटिंगमध्ये घेऊ" म्हणत लिफ्टमध्ये शिरले. जाताना त्यांनी भिंतीवरच्या नोटिशीकडे एकदा पाहून घेतले.

विजयश्रीने गाडी ढकलली. लिंबू फुटले. आंबट वास सुटला.

डांगे चौकात अण्णा पुढे झाले. टेम्पो, रिक्षा, दुचाक्या अंगावर येत होत्या. त्यांनी आडवा हात धरला आणि मागे न बघता दुसऱ्या हाताने खूण केली, "येऊ द्या, येऊ द्या." माणसे वळून बघत होती. विजयश्रीही बघणाऱ्यांकडे बघत होती, त्यांनी नजर काढेपर्यंत.

सरूबाई पाट्यांमागून उठली. काही विचारले नाही. कोथिंबिरीची एक काडी खुडून भागीच्या नाकाशी धरली.

"हां," भागी म्हणाली.

घरी परतल्यावर विजयश्रीने तिला अंथरुणावर निजवले आणि गाडी पुसायला घेतली. चाके पुसली, फळी पुसली. फडके वर आले आणि थांबले. विटलेल्या डाव्या खांद्यावर एक ओला डाग पडला होता, नेहमीच्या जागी.

तो तिने पुसला नाही.