बांधाखालचं पाहुणं

नदी चढली की बांधाच्या माथ्यावर उभं राहून दोन्हीकडे बघू नये, असं घरातली मोठी माणसं सांगायची. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला घरं, आणि पाणी खिडक्यांच्या वर. मधे नुसती माती. थोरली लहानपणी मुद्दाम बघायची. मग डोळे मिटायची, आणि पुन्हा बघायची. आता ती पूरनियंत्रणाच्या कचेरीत इंजिनीअर होती, बघण्याचाच पगार घ्यायची.

कचेरीने प्रश्न साधा विचारला होता. बांध म्हातारा झालाय आणि नदी मात्र दर पावसाळ्यात नव्याने वयात येते. तेव्हा याच बांधावर माती चढवून त्याला आणखी कमरेभर उंच करायचा, की त्याला विश्रांती देऊन मागे, घरांच्या पलीकडे, नवा बांध घालायचा? म्हाताऱ्याचं पोट धड असेल तर पहिलं, नसेल तर दुसरं. आणि दुसरं म्हणजे बांधाच्या पायथ्याला टेकून बसलेली घरांची ओळ नदीच्या वाटणीला जाणार. त्या ओळीतलं मधलं घर थोरलीच्या आईचं होतं.

"हे काम दुसऱ्या कुणाला द्या," असं तिने साहेबांना सांगून पाहिलं होतं.

"तुला त्या बांधाची खोड माहीत आहे," साहेब म्हणाले होते. "आणि तू खोटं लिहिलंस तर पहिल्यांदा कुणाच्या घरात पाणी शिरेल, तेही माहीत आहे."

बांधावर यंत्रं येताच शेजारच्या घरातून काका बाहेर आला. हा तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं एकटाच बोलायचा.

"या बाईसाहेब! आमच्याच पोटावर सुरी चालवायला आमचीच पोरगी?"

"सुरी नाही रे काका. नाडी बघतेय फक्त."

"वैद्य असंच म्हणतात आधी."

पहिल्या दिवशी त्यांनी घरांकडच्या उताराचा एक तुकडा सरळ कापला. पुस्तक मिटलं की पानांच्या कडा दिसतात, तसे थर दिसायला लागले. वर पिवळी माती, ती आजोबांच्या काळातली. तिच्याखाली करडी, तिच्यात विटांचा चुरा. मग राखेचा पट्टा, कुणीकुणी चुलीतली राखसुद्धा आणून ओतलेली. आणि सगळ्यांच्या खाली काळी चिकणमाती, ओली, गार, नुकतीच कुणी थापून गेल्यासारखी. दर मोठ्या पुरानंतर हाताला लागेल ते घेऊन माणसं आली होती आणि बांध वाढवून गेली होती.

भोकं पाडणाऱ्या यंत्राचा मिस्त्री थोरलीबरोबर कितीतरी वर्षं काम करत होता. त्याला सगळे गिरमिट म्हणायचे, आणि बायकोही तसंच हाक मारते असं तो स्वतःच सांगायचा. त्याने थापीने काळ्या मातीचा एक थर अलगद उचलला. तो पान उलटावं तसा सुटला.

खाली पाय होते.

पावलांचे ठसे. एकावर एक, एकात एक. टाचा, अंगठे, बोटांच्या ओळी. रुंद, अरुंद, आणि कडेकडेने काही अगदी तळहाताएवढी. रोलर नव्हते तेव्हा माणसांनी चिखल तुडवून बांध दाबला होता आणि मातीने ते तसंच धरून ठेवलं होतं. एके ठिकाणी दोन पावलं शेजारी शेजारी, इतरांपेक्षा खोल रुतलेली. कुणीतरी डोक्यावरची पाटी न उतरवता क्षणभर थांबलं असावं. कशासाठी? हाक आली म्हणून? कंबर दुखली म्हणून? की नदीकडे बघायला?

यंत्र बंद होतं. बांधापलीकडे नदी आपल्याशी पुटपुटत होती.

"ती टाच बघ," काका शेवटी म्हणाला. "भेगा बघ केवढ्या. आपल्याच घरची."

सगळे हसले. काकाने चप्पल काढली, पाऊल पुढे केलं, ठशात ठेवणार तेवढ्यात मागे घेतलं.

"नको," तो हळू आवाजात म्हणाला. "झोपलेत."

मग घसा खाकरून पहिल्यासारखा झाला. "एवढ्या पायांनी तुडवलेला बांध फुटतो होय? लिहून टाक थोरले, पोट ठणठणीत आहे म्हणून."

थोरलीला तेच तर लिहायचं होतं. कापलेला उतार बुजवताना तिने त्या थरावर स्वतःच्या हाताने माती ओढली, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढावं तशी.

दुसऱ्या दिवशी आईच्या घरासमोर, बांधाच्या माथ्यावर, गिरमिटने यंत्र लावलं. पिवळी आली, करडी आली, राख आली, काळी आली. लांबट लाकडी खोक्यांत त्यांनी मातीच्या कांड्या क्रमाने मांडल्या. "म्हातारा खणखणीत आहे हो ताई," गिरमिट म्हणाला, आणि तेवढ्यात यंत्राचा आवाज बदलला. घरघर थांबून सळसळ सुरू झाली. काळ्या मातीखालून पांढरी वाळू वर आली, पिठासारखी, मधूनच अभ्रकाची चमक आणि हजारात एखादा लालबुंद कण.

नदीचं जुनं पात्र. कोणे एके काळी ती इथूनच वाहत होती. कूस बदलून बाजूला सरली, आणि माणसांनी नेमका तिच्या रिकाम्या अंथरुणावर बांध घातला. एवढ्याने काही बिघडत नाही, थोरलीने स्वतःला समजावलं. वाळू दबून बसलेली असली की झालं.

आणि मग दांडा आपल्याच वजनाने हातभर खाली गेला. कुणी ढकलला नव्हता. त्याला अडवायलाच खाली काही नव्हतं.

गिरमिटने तिच्याकडे पाहिलं. तिने मूठभर वाळू रुमालात बांधली आणि जेवायला म्हणून उतारावरून घरी गेली.

आई मागच्या दाराशी बसून कढई घासत होती आणि नेहमीचं गुणगुणत होती:

दारी आलं गं पाहुणं, त्याचं कुठलं गं गाव,
त्याने सांगितलं नाही, मी पुसलं नाही नाव.

"हात धू. पानं घेतलीच आहेत," आई म्हणाली. "तोंड का उतरलंय? साहेब ओरडले?"

थोरली आईच्या हाताकडे बघत होती. कढईवर पांढरी वाळू फिरत होती. पिठासारखी. मधूनच चमकणारी.

"आई, ही वाळू कुठून आणतेस?"

"आणायची कशाला? येते की. तुझ्या बाबांचा झरा देतो."

अंगणाच्या कोपऱ्यात तो झरा होता. नदी चढली की जागा व्हायचा, उतरली की झोपायचा. वडिलांनी त्याच्याभोवती दगड मांडले होते, आईने तिथे भांडी घासायची जागा केली होती. मध्यभागी पाणी बुडबुडायचं आणि भोवती वाळूचं इवलंसं वारूळ उभं राहायचं. लहानपणी थोरलीने त्याच वाळूचे किल्ले केले होते.

"सोन्यासारखी वाळू बघ. साबण झक मारतो हिच्यापुढे. रोज भरून ठेवते. ओळीतल्या सगळ्या घरांना मीच तर पुरवते." आईने कोपराने दाराआडची पिंपं दाखवली. "दिली तितकी पुन्हा येते. आटत म्हणून नाही."

थोरलीने रुमाल सोडला. एका तळहातावर बांधाखालची वाळू, दुसऱ्यावर आईची. मग हात बदलून पाहिले. कुठली कुठली, ते तिचं तिलाच सांगता येईना.

"वाळू सगळीकडची सारखीच असते," जेवता जेवता काकाने निकाल दिला. "उद्या म्हणशील, माझ्या डोक्यावरचे पांढरे केसही बांधातलेच."

"मग रंग टाकून बघू," थोरली म्हणाली.

दुपारी गिरमिटने माथ्यावरच्या भोकात पार वाळूपर्यंत नळी सोडली आणि तिच्यातून हिरवा रंग ओतला. पाणी मुरण्याची वाट शोधायला वापरतात तो, पोपटाच्या पिसासारखा हिरवागार. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं, नदी अजून चढत होती. रंग खाली गेला आणि नाहीसा झाला. काका संध्याकाळपर्यंत तीनतीनदा अंगणात डोकावून गेला. "पांढरंच आहे हं पाणी!" दर वेळी त्याचा आवाज थोडा मोठा व्हायचा. थोरली मनात म्हणत होती, पांढरंच राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटत होतं, आपलं चुकावं.

सकाळी आईची हाक आली. मोठी नव्हती. कुणी झोपलेलं बाळ दाखवायला बोलावतं, तशी.

झरा हिरवा झाला होता.

उन्हाचा पहिला कवडसा त्यावर पडला होता आणि दगडांच्या मधोमध तो हिरवा उजेड तळातून उकळत होता. प्रत्येक बुडबुड्याबरोबर वाळूचे कण उडायचे, नाचायचे, कडेला येऊन बसायचे. आई हातातलं पातेलं तसंच धरून उभी. काका आला आणि दगडांपाशी वाकून बघू लागला. समोर बांध उभा होता, शांत, गवताने झाकलेला, पोटात शेकडो पावलं घेऊन. आणि त्याच्या खालून, कुणाला न दुखवता, कुठलंही दार न वाजवता, अख्खी नदी चालत आली होती.

"म्हणजे," आई हळूहळू म्हणाली, "इतकी वर्षं ती माझ्या घरी येत होती. आणि मी तिला भांडी घासायला लावत होते."

"आई…"

"तिच्या हातातली वाळू घेऊन. बांधाच्या पायाखालची." आईने दाराआडच्या पिंपांकडे पाहिलं, मग बांधाकडे. "वरून इतक्या जणांनी तुडवलं, आणि खालून मी उपसत होते."

"तू नाही उपसलंस. तिनेच आणून दिलं. तू उचललं नसतंस तरी ते आलंच असतं."

"पण मी तिला कधी विचारलं का, बाई कुठून आलीस?"

काकाला असला गहिवर सोसायचा नाही. तो दोन मोठे धोंडे घेऊन आला. "बाजूला व्हा वहिनी. बूच मारतो, विषय संपला."

"काका, थांब!" थोरली झऱ्याच्या आडवी झाली. "तोंड दाबलंस तर ती दुसरीकडून उठेल. तुझ्या घरात, चुलीखालून."

"मग काय ओवाळू तिला?"

"वर चढू द्यायचं. पाणी येऊ दे, वाळू नको."

ओळीतली सगळी घरं बाहेर आली. मातीची पोती भरली, हातोहात दिली, झऱ्याभोवती गोल रचली. आई पोत्यांची तोंडं बांधत होती. गोल उंच होत गेला तसं आतलं पाणी वर चढलं, घोट्याला, पोटरीला, गुडघ्याला. हिरवं फिकट होत गेलं. मग थोरलीने हात वर केला आणि सगळे वाकून बघायला लागले. तळाशी वाळू नाचत होती, दमली, एकेक कण खाली बसला. पाणी तसंच येत होतं, काठावरून ओघळत होतं, पण काचेसारखं नितळ. वरच्या पाण्याच्या वजनाने खालच्या पाण्याला जरा दम धरायला लावलं होतं.

अंगणात नदी उभी होती. गुडघाभर, गोल, शांत. तिच्यात त्यांची सगळ्यांची तोंडं दिसत होती.

"हे किती दिवस पुरेल?" आईने विचारलं.

"या पुरापुरतं."

"आणि पुढच्या?"

थोरली एक सरकलेलं पोतं जागेवर बसवू लागली. आईने पदराला हात पुसले. "तुझा तो नवा बांध. तो घराच्या पुढून जाणार की मागून?"

"मागून, आई."

काका पोत्यावर बसला. बराच वेळ त्याने आपल्या घराच्या भिंतीकडे पाहिलं. "या भिंतीला मी तीनदा रंग दिलाय," एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर त्या दिवशी तो काही बोलला नाही. ओळीतल्या लोकांना तेव्हाच कळलं, की आता खरंच जायचंय.

"पाहुण्याचं गाव कळलं एकदाचं," आई म्हणाली. "पाहुणं कसलं. जागा तिचीच होती. आपणच उतरलो होतो तिच्याकडे. लिही थोरले. खरं तेच लिही."

पुढच्या उन्हाळ्यात ओळ मागे सरकली. घरं उतरवली, दारं-खिडक्या नव्या भिंतींत बसल्या. काकाने रंग मात्र तोच निवडला. पिंपांतली वाळू आईने नदीकाठी नेऊन ओतली. काका म्हणाला, "वहिनी, उसनं फेडताय काय?" ती म्हणाली, "पिंपं रिकामी करतेय. तुला दिसतंय ते बघ." नदी खाली होती तोवरच जुना बांध मधे उघडला, म्हणजे पुढे नदीला यायचं झालं तर सरळ येता यावं.

नवीन बांधाची जागा थोरलीने हातभर हातभर तपासली होती. खाली वाळू नव्हती. काळ्या मातीचा पहिला थर पसरला तेव्हा घरांतली माणसं बघायला आली. आईने चपला कडेला काढल्या आणि कुणाला न विचारता मातीत पाय टाकला. गार माती बोटांतून वर आली. ती चालत गेली, वळली, परत आली. काका बघत राहिला, मग तोही उतरला.

रोलरवाल्याने इंजिन थांबवलं आणि थोरलीकडे पाहिलं. त्याच्या रोलरला जनावराच्या खुरांसारखे लोखंडी खूर होते. थर सगळीकडे सारखा दाबला गेला पाहिजे, हा नियम तिचाच होता. ती आईजवळ गेली.

"आई, आता रोलर फिरेल. यातलं काही राहणार नाही."

आईने मागे वळून आपल्या पावलांची ओळ पाहिली. मग त्यांच्या पलीकडे, उघड्या जुन्या बांधातून दिसणारी नदी पाहिली. रुंद, संथ, उन्हात लखलखणारी.

"पुसले जातील ते जाऊ देत," ती म्हणाली. "दाबलं तर गेलंच ना?"

आणि चिखलाचे पाय तसेच घेऊन बाजूला झाली. थोरलीने रोलरवाल्याला हात केला.