ब्रोदात्स प्रतिष्ठानातल्या श्टेंडरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना श्टेंडर आहे. उभ्याने ग्रंथ वाचायचं, उतरत्या फळीचं उंच मेज. आमच्या ज्यू लोकांत त्याला हेच नाव. मॅनहॅटनमधल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर, काचेच्या दाराशी मी उभा असतो. मला नेमाने पॉलिश होतं. तरीही मी रागावलेला आहे, आणि तो राग तुमच्यापासून लपवणार नाही.

माझा जन्म ब्रॉन्क्सचा. खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या एका सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवलं आणि गल्लीतल्या लहानशा प्रार्थनाघराला दिलं. चाळीस वर्षं लोकांनी माझ्यावर मुठी आपटल्या, चहा सांडला. पुढे वस्ती पांगली, प्रार्थनाघराला कुलूप लागलं. तेव्हा झेल्मन ब्रोदात्स नावाचे गृहस्थ मला घेऊन आले. लहानपणी ते माझ्याचपाशी अक्षरं शिकले होते. आपली मुलं ग्रंथ विसरली, धर्म आणि कर्तव्य हे शब्द ऐकून हसायला लागली, याचं त्यांना वाईट वाटे. म्हणून त्यांनी हे प्रतिष्ठान काढलं. कॉलेजातल्या मुलांना जुने ग्रंथ शिकवायचे, विचार करायला लावायचं, एवढाच हेतू.

शिकवायला होत्या फ्रुमा झाल्त्समान. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, जिभेला धार. माझ्यावर ग्रंथ उघडून त्या म्हणत, "हे पान बघा. मधे मूळच्या चार ओळी आणि चारी बाजूंनी त्यांच्या अर्थावरून भांडण. जो हरला त्याचंही म्हणणं पूर्वजांनी पुसलं नाही. का? कळलं असेल त्यानं बोलावं. उगाच माना डोलावू नका, मान बकरीपण डोलावते!"

ते माझे सुखाचे दिवस.

ब्रोदात्स वारले आणि एल्कन प्रेगर संचालक झाले. ते फ्रुमाबाईंचेच जुने विद्यार्थी. त्यांना पाहुणे आवडत, टाळ्या आवडत. प्रश्न आवडत नसत. अशात वर्गातल्या तिर्झा आझुलाय नावाच्या मुलीने कॉलेजच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. 'परंपरेबद्दल इथे जे शिकवतात ते मला पटतं. पण तीन वर्षांत वेगळ्या मताचा एकही वक्ता इथे का आला नाही?' प्रतिष्ठानतर्फे वर्षभर जेरुसलेमला शिकायला जाणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं. दुसऱ्याच दिवशी एल्कननी ते काढून टाकलं.

फ्रुमाबाई वर्ग अर्धा टाकून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"एल्कन, पोरीचं नाव परत घाल."

"बाई, ही संस्था परंपरा जपायला आहे. घरचं खाऊन घरालाच दगड मारणाऱ्यांसाठी नाही."

"दगड? तिनं प्रश्न विचारलाय. तूही विचारायचास, आठवतंय? तेव्हा तुला वर्गाबाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं!"

"तुमचं वय झालंय, बाई. आता विश्रांती घ्या."

"घेते की. पण ही विश्रांती तू मला देत नाहीयेस, स्वतःला देतोयस."

त्यांनी मला सोबत न्यायला मागितलं. "तो प्रतिष्ठानचा आहे," एल्कन म्हणाले. बाई गेल्या. मला दाराशी आणून ठेवलं आणि माझ्या छातीवर पितळी पाटी ठोकली: 'विचारांचा वारसा. कृपया हात लावू नये.'

अकरा वर्षं माझ्यावर एक पानही उघडलं नाही. आत टाळ्या वाजत, मी बाहेर चकाकत असे.

मग प्रतिष्ठानच्या वार्षिक समारंभाला तिर्झा आली. ती आता नावाजलेली शिक्षिका झाली होती, म्हणून एल्कननी तिला भाषणाला बोलावलं होतं. ते लगबगीने पुढे आले.

"ये, ये! श्टेंडरपाशी फोटो काढू. फ्रुमाबाईंची आठवण. बिचाऱ्या गेल्या वसंतात गेल्या."

बाई गेल्याचं मला तेव्हा कळलं.

"मी सुतकाचे सातही दिवस त्यांच्या घरी बसायला जात होते," तिर्झा म्हणाली. "तुमच्यापैकी कोणी फिरकलं नाही."

"कामं होती गं. पण मी आठवणीनं फुलं पाठवली होती. चांगला मोठा गुच्छ!"

"मिळाला. आपल्यात मयताच्या घरी फुलं पाठवतात का?"

एल्कन टाय सारखा करू लागले.

"त्यांच्या बहिणीला कळेना, हे ठेवायचं कुठे. शेवटी खालच्या इटालियन शेजारणीला देऊन टाकली. आणि म्हणे परंपरा जपणारं प्रतिष्ठान! इथल्या एकालाही ही साधी रीत आठवली नाही?"

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. तिर्झाने कोट चढवला आणि ती लिफ्टकडे निघून गेली. भाषण झालंच नाही. आत लोक बराच वेळ वाट बघत होते. एल्कन मात्र तिथेच, माझ्याशेजारी उभे होते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखं काही जुनं असेल तर ते कपाटात बंद करू नका. ते वापरा. झिजू द्या, ओरखडे पडू द्या. जुनं पुसून ठेवलं म्हणजे जपलं असं होत नाही.

एल्कनना मी अजून माफ केलेलं नाही. करावं, असं आमच्या ग्रंथांत आहे. माझ्यासमोर ते हजारदा वाचलं गेलंय. मला ते पटत नाही. कोणाला माझ्याशी वाद घालायचा असेल तर त्याने जरूर यावं. नववा मजला, काचेच्या दाराजवळ.