परवाची फाइल

ऑनलाइन कोर्सचा शेवटचा प्रकल्प रश्मी आणि नाशिकचा अमेय यांनी मिळून करायचा होता. हैदराबादमधल्या काचीगुड्याची रश्मी रोज थोडं काम करून दोघांच्या फोल्डरमध्ये रोज नवी फाइल ठेवायची. अमेय शेवटच्या दिवशी जागा व्हायचा, म्हणून तिचा त्याच्यावर मनस्वी राग. तरी फाइल पाठवायचं काम त्याच्याकडेच होतं.

शेवटच्या ऑनलाइन तासाला कोर्सच्या सरांनी स्क्रीनवर त्यांचा हैदराबादच्या बसमार्गांचा नकाशा उघडला. अर्धे थांबे गायब होते आणि अंबरपेठ सरळ मुसी नदीत पडलं होतं.

"ही कुठली फाइल?" रश्मीचा आवाज चढला. "परवाची टाक, असा मेसेज केला होता मी सकाळी."

"परवाचीच टाकली. आज गुरुवार, म्हणून मंगळवारची," अमेय म्हणाला.

रश्मीने फोल्डर उघडून तारखा पाहिल्या. मंगळवारी तिने नुसती मोडतोड करून पाहिली होती. पुरी झालेली फाइल मागच्या आठवड्यातली होती.

"आमच्या हैदराबादेत परवा म्हणजे तिथल्या हिंदीतलं परसों," ती पुटपुटली. "आजच्या आधीचा कुठलाही दिवस."

"आणि अमेयशी प्रत्यक्ष बोललीस कधी?" सरांनी विचारलं.

"परवा," तिच्या तोंडून निघून गेलं.

सरांनी चष्मा काढला. "तुझं परवा, की त्याचं?"