नव्वद दिवसांची आजी

“आई, हे घ्या. ह्याला काडी लागत नाही. खाली बटण आहे.”

ईप्सिताने सासूच्या हातात पांढऱ्या प्लास्टिकचा एक दिवा ठेवला. सेलवर चालणारा. सुपरमार्केटात बिलाच्या रांगेत सहाचं पाकीट मिळतं, त्यातला. बटण दाबलं की आत एक पिवळा ठिपका थरथरायचा.

सरलाबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. “आणि ह्यानं ओवाळायचं?”

“चालतं हो. इकडे सगळे तेच करतात. दिवाळीला आमच्या ग्रुपची आरतीपण ह्यावरच झाली. काल जहाजावरच्या सेफ्टी ड्रिलमध्ये सांगितलं ना त्यांनी, केबिनमध्ये कँडल नाही, काही नाही. निहारनं सगळ्यांची सही केलीये त्या फोर्म्युलारवर.”

सरलाबाईंनी दिवा ताटात ठेवला. नातीला, वल्लरीला, आज नववं लागलं होतं आणि तिचा एकही वाढदिवस त्यांनी पाहिलेला नव्हता. दोष कुणाचाच नव्हता, व्हिसाचा होता. जर्मनीत आईबापांना नव्वद दिवस राहता येतं, मग परत जावं लागतं. त्यामुळे मुलं लहान असलेल्या घरांतून आज्यांच्या पाळ्या लागतात. एक विमानात बसली की दुसरी उतरते, आणि मूल कधी उघड्यावर पडत नाही. उंटरश्लाइसहाइममधल्या मुलाच्या, निहारच्या, घरात थंडीची पाळी सरलाबाईंची आणि उन्हाळ्याची ईप्सिताच्या आईची, कौमुदीताईंची, अशी वाटणी पहिल्याच वर्षी होऊन गेली. कौमुदीताईंना थंडी सोसत नाही. सरलाबाईंना सोसते का, हे कुणी विचारलं नाही. आठ हिवाळे त्यांनी बर्फातून बाबागाडी ढकलली, सर्दीची नाकं पुसली, अंधारात किटामध्ये, पाळणाघरात, सोडलं आणि अंधारातच आणलं. वल्लरी त्यांना विंटर-ओमा, हिवाळ्याची आजी, म्हणायची. जून महिना दुसऱ्या आजीचा होता, आणि वाढदिवस जूनमध्ये होता.

यंदा कौमुदीताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून जून त्यांच्या वाट्याला आला. जहाजावरची जागाही तशीच आली. निहारने ते आठ महिने आधी ठरवलं होतं, नॉर्वेचे फ्योर्ड, अठ्ठेचाळीस माणसांचं छोटं जहाज, भिंतींना जुन्या पद्धतीचं लाकूड. तिकीट सासूबाईंच्या नावाचं होतं, ते बदलून आईच्या नावाचं केलं. हे त्याने आईला सांगितलंही, कारण नाव बदलायला किती मेल लिहावे लागले ते तिला कळायला हवं होतं. आणखी एक सांगितलं. “आता पुढच्या वर्षीपासून तुला धावपळ नाही आई. वल्ली मोठी झाली. दुपारी शाळेनंतर होर्टमध्ये राहील.” हे त्याने चांगल्या मनाने सांगितलं, म्हणून ते जास्तच लागलं.

म्हणजे हा पहिला वाढदिवस आणि हाच शेवटचा. सरलाबाईंनी पुण्याहून चांदीचं निरांजन आणलं होतं. तुपात भिजवलेल्या फुलवाती डबीत होत्या. सुपारी, अंगठी, अक्षता, आणि सवयीने टाकलेली काडेपेटी. एकदा, फक्त एकदा, त्यांना या पोरीला आपल्या हाताने ओवाळायचं होतं.

आणि ओवाळलं, सेलच्या दिव्याने. जहाज तेव्हा कीलच्या कालव्यातून चाललं होतं, इतकं काठाला धरून की खिडकीतून गाई दिसत होत्या. निरांजन त्यांनी वात घालून ताटात नुसतंच ठेवलं, शास्त्रापुरतं. निहारने व्हिडिओ काढला. वल्लरीने प्लास्टिकच्या ज्योतीत बोट घातलं आणि ती खो खो हसली.

“दास इस्ट डोख निष्ट एश्ट! आजी, खरं नाही हे!”

“नाहीच आहे,” सरलाबाई म्हणाल्या.

“खरं लाव ना. बिट्टं, प्लीज.”

“नाही हं राणी. इथे लावायचं नसतं.”

“चला, फ्रूश्ट्युक बंद होईल,” म्हणत निहार आणि ईप्सिता नाश्त्याला वर गेले. व्हिडिओ कौमुदीताईंना पाठवायचा होता आणि नेट वरच मिळत होतं. वल्लरी आजीच्या पलंगावर बसून भेटींचे कागद फाडत राहिली. कुंकवाची बोटं धुवायला सरलाबाई न्हाणीघरात गेल्या. दोन मिनिटं, फार तर तीन.

बाहेर आल्या तेव्हा निरांजन पेटलेलं होतं आणि भेटीच्या चमकी कागदालाही आग लागलेली होती. वल्लरी कोपऱ्यात उभी. काडेपेटी जमिनीवर. सरलाबाईंनी अंगावरची शाल टाकून कागद दाबला, निरांजन तळहाताने विझवलं, आणि त्याच क्षणी छतातून भोंगा वाजायला लागला.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. जर्मन माणसं नियमाप्रमाणे घाबरतात. पाच मिनिटांत अठ्ठेचाळीस माणसं नारिंगी जॅकेटं घालून डेकवर, त्यात एक गृहस्थ अंगाला टॉवेल गुंडाळून. जहाज कालव्याच्या कडेला थांबलं. मागून येणारं मालवाहू जहाजही थांबलं. केबिन पाहून कप्तान वर आला. उंच, शांत माणूस. आवाज न चढवता त्याने विचारलं, हे कोणी केलं?

“डी विंटर-ओमा,” वल्लरी म्हणाली.

सरलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. वल्लरी काठावरच्या गाईंकडे पाहत होती. एकतीस वर्षं बालवाडी चालवलेल्या बाईला मूल खोटं बोलताना कसं दिसतं हे शिकावं लागत नाही. ते फार लक्ष देऊन दुसरीकडे पाहतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि आठ हिवाळ्यांत तेवढं जर्मन त्यांना येत होतं. पण पोर आठ वर्षांची होती, वाढदिवस तिचा होता, आणि समोर अठ्ठेचाळीस तोंडं होती. शिवाय खरं सांगायचं तर त्यांना वाटलं, निहार मध्ये पडेल. म्हणेल, माझी आई असं करणार नाही.

“आई! काल सांगितलं होतं ना तुला?” निहार म्हणाला. “साधी एक गोष्ट! सगळ्यांसमोर माझी लाज काढायची होती का?” आणि कप्तानाकडे वळून जर्मनमध्ये म्हणाला, “माफ करा. माझी आई खेड्यातली आहे. तिला या गोष्टी कळत नाहीत.”

पुण्यातल्या सहकारनगरच्या सरलाबाईंना हे जर्मनही कळलं.

“या,” त्या कप्तानाला म्हणाल्या. “इष.” हो, मीच.

कप्तानाने त्यांच्या तळहाताला मलम लावायला माणूस बोलावला, वहीत लिहून घेतलं आणि निहारला बाजूला नेलं. सही तुमची आहे, तो म्हणाला. लाकडी जहाज आहे, पुढे समुद्र आहे. कीलला ही बाई उतरेल. किंवा तुम्ही सगळे उतराल, ते तुम्ही ठरवा.

निहारला ठरवायला फार वेळ लागला नाही. “आई, नाहीतरी तुला बोट लागतेच,” तो केबिनमध्ये येऊन म्हणाला. “पुढे समुद्र रफ आहे म्हणतात. घरी आराम कर. मी ऑनलाइन तिकीट काढलंय, फोनवर पाठवतो. हाम्बुर्गला फक्त गाडी बदलायची. तुला एसबानची लोकल कळते, हे तर सोपंय.”

“तू येतोस का हाम्बुर्गपर्यंत?”

“मग वल्लीच्या वाढदिवसाचं काय?”

त्याचंही बरोबर होतं. आज सगळ्यांचंच बरोबर होतं.

सरलाबाईंनी बॅग भरली. हाताला पट्टी होती म्हणून चेन लागेना. वल्लरी दारात येऊन उभी राहिली आणि जर्मनमध्ये आपल्या बापाला विचारलं, “मग आता खिडकीजवळचा पलंग माझा?” निहार म्हणाला, “हो, तुझा.” सरलाबाईंनी उशी झटकली आणि पलंगावरची चादर सरळ केली, कुणी झोपलंच नव्हतं इतकी.

कीलला ईप्सिता त्यांना उतरायच्या फळीपर्यंत सोडायला आली. घराची किल्ली दिली. बुधवारी ओल्या कचऱ्याची पेटी, बायोटोनं, बाहेर ठेवायची, गुरुवारी पार्सल येईल ते शेजारच्या आजींकडून घ्यायचं, हे सांगितलं. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

“आई, मला माहितीये. वल्लीनंच लावलं. तिच्या अंगठ्याला फोड आलाय.”

सरलाबाईंनी फळीच्या दोरीला धरलं. “निहारला?”

“नाही हो. कशाला? त्यानं ओरडा केला असता, तिचा मूड गेला असता. आणि मग आम्हाला सगळ्यांनाच उतरावं लागलं असतं ना. आठ महिन्यांपासून बुकिंग होतं.” ईप्सिताने त्यांचा पट्टी नसलेला हात धरला. डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. “तुम्ही किती समजूतदार आहात. माझी आई असती ना, तिनं तिथेच सांगून टाकलं असतं. थँक्यू, आई.”

“तिच्या अंगठ्याला लावलंस काही?”

“लावते.”

“बर्फ नको लावूस. गार पाणी,” सरलाबाई म्हणाल्या आणि उतरल्या.

कीलला उतरलेल्यांच्या जागी चढायला धक्क्यावर चार प्रवासी थांबले होते. एका बाईने बाजूला होत त्यांना विचारलं, कशी झाली सफर? सरलाबाई म्हणाल्या, “शोन.” छान. जहाज सुटेपर्यंत त्या थांबल्या. डेकवर कुणी ओळखीचं दिसतं का ते पाहिलं. दिसलं नाही. तिथून त्या बॅग ओढत स्टेशनवर आल्या, फलाट विचारला, तिकिटाचा फोटो दोनदा पाहिला आणि बाकावर बसल्या. रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही. राग आला. इतका आला की नातीला, जिचं गू-मूत काढलं त्या पोरीला, पुन्हा तोंड दाखवू नये असं वाटलं, आणि मग त्या वाटण्याचीच भीती वाटली.

फोन वाजला. पुण्याहून यजमान, श्रीपादराव. हृदयाचा त्रास म्हणून ते विमानात बसत नव्हते. आठ वर्षं वर्षातून तीन महिने डब्यावर काढत होते.

“काय गं, झाला का वाढदिवस?”

“झाला.”

“ओवाळलंस?”

“ओवाळलं हो.”

“निरांजनानं? नाही, तू म्हणत होतीस लावू देतात की नाही…”

“लागलं. चांगलं लागलं.”

“वा! मग? कुणी होतं का, का आपले तुम्ही चौघंच?”

“अहो, सगळं जहाज जमलं होतं. अठ्ठेचाळीस माणसं. जहाज थांबवलं त्यांनी.”

“निरांजनासाठी? काय सांगतेस!”

“कप्तानसुद्धा आला.”

श्रीपादराव खूश झाले. शेजारी कुणीतरी बसलं असावं, त्याला त्यांनी ओरडून सांगितलं, कप्तानसुद्धा आला होता म्हणे. मग पुन्हा फोनवर आले. “मग काय म्हणाला कप्तान?”

“नाव विचारलं माझं. पूर्ण नाव सांगा म्हणाला. वहीत लिहून घेतलं.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं. सरला श्रीपाद वर्तक.”

मग श्रीपादराव हसले, म्हातारी माणसं हसतात तसं, खोकत खोकत. “म्हणजे नाव घेतलंस तर माझं! शेहेचाळीस वर्षांत ‘अहो’च्या पुढे गेली नाहीस. आणि घेतलंस ते जहाजावर, गोऱ्या कप्तानापुढे!”

“घ्यावं लागलं.”

“आता एकदा माझ्यापुढे घे. घे की. कुणी आहे का तिथे?”

सरलाबाईंनी फलाटावर पाहिलं. माणसं पुष्कळ होती.

“श्रीपाद,” त्या म्हणाल्या. मग गाडी आली, ठेवते, असं सांगून त्यांनी फोन बंद केला. गाडीला अजून बावीस मिनिटं होती.