कासवाच्या पाठीवरचं कुंकू

...खाचेत अजून लाल आहेच. बोटाला लागत नाही, ब्रशला येत नाही, पण आहे — काँक्रीटच्या कासवाच्या पाठीवर, मधल्या खवल्याच्या कडेला, तिळाएवढं. हळदीचं काही नव्हतं, ऊन लागलं की हळद उडते. कुंकू मात्र हटवादी, आणि सुलेखा सकाळपासून तळ्याकाठच्या वाटेवर गुडघे टेकून जुन्या टूथब्रशने घासते आहे, कारण सोमवारपर्यंत डाग गेला नाही तर कॉलनीतल्या घरमालकांची असोसिएशन कासव उचलून नेणार.

कासव डार्लीनने घडवलेलं. डार्लीन डकोटा जमातीची, अमेरिकेतला हा मुलूख मुळात तिच्या लोकांचा, ईडन प्रेरी हे नाव त्याला नंतर चिकटलेलं. पाणमांजर, क्रौंच, कासव — इथलेच प्राणी, आता तिच्या हातचे पुतळे होऊन आमच्या घरांच्या मधोमध. जूनमध्ये खरी कासवं अंडी घालायला आमचे ड्राइव्हवे ओलांडून जातात, म्हणून तिने हे अगदी वळणावर बसवलं. आणि मला... मला देवळातलंच आठवलं, गाभाऱ्यासमोरचं. हात आपसूक जोडले गेले. “अगं सुलू, नुसते हात काय जोडतेस?” म्हणत पर्समधून कोयरी काढली ती माझ्या जिवलग आश्लेषाने. हळद तिने लावली, कुंकू मी. हसलो किती दोघी!

मग तक्रार आली — सगळ्यांच्या जागेत देऊळ नको. मीटिंगमध्ये सेक्रेटरीने विचारलं, हे कुणी केलं? सुलेखाने हात वर केला. शेजारी आश्लेषाचाही वर जाणारच, या खात्रीने तिच्याकडे न बघताच. आणि आश्लेषा गोड आवाजात म्हणाली, “आय टोल्ड हर नॉट टू.”

तिला कुणी विचारलंही नव्हतं.

डार्लीन भिंतीशी उभी होती. “यू कुड हॅव आस्क्ड मी,” एवढंच म्हणाली. तिचं बरोबरच होतं, तिच्या कासवावर आम्ही आमचा देव बसवला. पण ही — माझ्या बाळंतपणात आईच्या जागी उभी राहिलेली, डिंकाचे लाडू वळणारी... केसाने गळा कापला हिने, आणि वर माझ्याच गाडीतून घरी आली, वाटेत विरजण नीट लागत नाही म्हणून कुरकुरत.

पावलं वाजली. आश्लेषाच. एका हातात थर्मास, दुसऱ्यात बेकिंग सोडा.

“सुलू, सरक, मी घासते. चहा घे तू. अगं, आमचं ग्रीन कार्ड अडकलंय, मी पॅनिक झाले यार... तुला कळतंय ना?”

कळत होतं. तेच तर. एरवी सुलेखा तिच्याशी कडाकडा भांडली असती, रडली असती, आणि मग तिच्याच थर्मासमधला चहा प्याली असती. भांडण ओठांपर्यंत आलंही... पण बाहेर पडलं ते भलतंच.

“आय ॲम गुड, थँक्स,” ती म्हणाली — कुत्रा फिरवायला निघालेल्या शेजाऱ्यांसाठी राखलेल्या त्या हसऱ्या आवाजात.

आश्लेषा थर्मास धरून तशीच उभी राहिली. सुलेखाने आत राग शोधला, जरा वेळ शोधतच राहिली, तो नव्हता. आणि मग मात्र तिला फार भीती वाटली.