घड्याळजींचा अडणारा ‘ख’

मित्रांनो, हल्ली मला पाहून मुले विचारतात, याचा पडदा कुठे आहे? मी पडलो जुना टेपरेकॉर्डर. मला पडदा नाही; फक्त कान आणि तोंड.

माझे उमेदीचे दिवस परदेशी भाषांच्या एका वर्गात गेले. विद्यार्थी जर्मन शब्द म्हणत, मी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवी आणि ते लाजत. शिकवणाऱ्या बाई मला रोज पुसून ठेवत. पुढे संगणक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली.

एके दिवशी सत्तरीचे एक इंग्रज घड्याळजी वर्गात आले. जन्मभर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा त्यांच्या जिभेवर आली नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा जर्मन मुलुखात संसार थाटून तिकडेच वारला होता. सहा वर्षांची नात फक्त जर्मन बोले. बाईंनी मला कपाटातून काढून त्यांच्या हाती दिले.

त्यांच्या घरी दुसरे माणूस नव्हते. दुरुस्तीच्या टेबलावर ते आणि मी. ‘नाख्ट’ म्हणजे रात्र. त्यातला ‘ख’ आपल्या ‘ख’सारखा नाही, तो घसा घासत जातो. घड्याळजींच्या तोंडून मात्र ‘क’च निघे, आणि ‘नाक्ट’ म्हणजे उघडानागडा! रोज संध्याकाळी फोनवर ते ‘गूटे नाख्ट’, म्हणजे शुभ रात्री, म्हणायला जात आणि भलतेच बोलून बसत. नात खुदकन हसे. समजतं तिला, असे सून म्हणे, पण घड्याळजी ओशाळे होत.

शेवटी बाईंनी युक्ती सांगितली. “‘क’ म्हणताना जीभ मागे चिकटते. तिला चिकटू देऊ नका. भिंग पुसायला त्यावर वाफ सोडता ना, तसा श्वास सोडा, जरा घासून.”

महिनाभर ते भिंगावर श्वास सोडत राहिले. भिंग धुरकट होई, मी पुन्हा पुन्हा ‘क’च ऐकवी. मला खोटे बोलता येत नाही, याचे तेव्हा फार वाईट वाटले.

आणि एका संध्याकाळी तो ‘ख’ निघाला. घड्याळजींनी तो तीनदा ऐकला, मला पुन्हा आवाज टिपायला लावले आणि फोन लावला. ‘गूटे नाख्ट’ अगदी स्वच्छ उमटले.

पलीकडे हसू आले नाही.

“आजोबा, असं नको,” ती जर्मनमध्ये हळूच म्हणाली; एवढे आता त्यांना कळत होते. “आधीसारखं म्हणा. बाबा तसंच म्हणायचे.”

मुलाची जीभही बापाच्याच वळणाची होती, हे घड्याळजींना त्या क्षणी कळले. त्यांनी लगेच म्हटले, “गूटे नाक्ट.” ती पोट धरून हसली. फोन ठेवल्यावर ते किती तरी वेळ मुलाला हाक मारत बसले. मी चालूच होतो.

पुढे घड्याळजी गेले. सून येऊन घर आवरून गेली. माझ्या पोटात काय आहे, ते तिला ठाऊक नव्हते. आता मी भंगारवाल्याच्या फळीवर आहे. माझा पट्टा सैल झाला आहे, पण एकदा तरी टेप नक्की फिरवीन.

मित्रांनो, जुनी टेप फेकण्याआधी ऐकून पाहा. आणि ती मुलगी कुणाला भेटली, तर तिला माझा पत्ता द्या. आता ती मोठी झाली असेल.