पिशाच्च मारणारीची कंबर

मुखपृष्ठ काढायचं असलं की चित्रकार बायकोला हवं तसं उभं करायचा, फोटो घ्यायचा आणि त्यावरून रंगवायचा. या खेपेची नायिका शहराच्या गटारांत शिरून पिशाच्चं मारणारी होती. संपादकांची अट एवढीच, की बाई पाठमोरी हवी, पण छातीही पुरती दिसली पाहिजे.

“मागच्या पुस्तकातला तो बाप्या गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावून सरळ उभा होता,” तलवारीऐवजी झाडू धरून बायको म्हणाली. “पिशाच्चं तीच ना? मग माझंच पोट उघडं का?”

“तो लढायला उभा होता, तू पुस्तक खपवायला. चल, आणखी वळ.”

“माणसाला मणका असतो म्हटलं! तुझ्या संपादकाला नसेल.”

तरी ती वळली. कंबरेत कट्कन वाजलं आणि ती किंचाळली. नवऱ्यानं आधी फोटो काढला, मग तिला धरलं.

आठवड्यानं, रंगवलेलं चित्र पोचल्यावर संपादकांचा फोन आला तेव्हाही ती पलंगावर ओंडक्यासारखी पडून होती. कूस बदलायचीसुद्धा चोरी.

“काय चेहरा काढलाय हो!” संपादक खूश होते. “अर्धवट मिटलेले डोळे, विलग ओठ! इतकी मादक बाई आम्ही छापलीच नव्हती. पुढच्या भागालाही हाच भाव हवा.”

फोन ठेवून नवरा तिच्या उशाशी बसला. केसांवरून हात फिरवत त्यानं मायेनं विचारलं, “अजून दुखतंय का गं?”

इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. तिचे डोळे भरून आले. “खूप रे.”

“छान. हलू नकोस,” म्हणत तो कॅमेरा आणायला उठला.